पगार सोबत घेऊन जाण्याचा व्हिसा

"व्हिसा भेटला की तिथं काम भेटतेच, भाऊ." डिजिटल नोमॅड व्हिसाचा विषय निघाला की आपल्याकडे हे वाक्य हमखास ऐकू येते. खरा प्रकार याच्या बरोबर उलट आहे. हा व्हिसा काम मिळवून देत नाही, आधीच चालू असलेले काम सोबत घेऊन तिथे राहू देतो. पगार भारतातून नाहीतर तिसऱ्याच देशातून यायला हवा. तिथल्या कंपनीत चिकटायचे असेल तर परवाना वेगळा आणि अर्जही वेगळा. स्पेन स्वतंत्र व्यावसायिकाला फक्त एवढी मुभा देतो की त्याच्या एकूण कामापैकी 20 टक्क्यांपर्यंत काम स्पॅनिश ग्राहकांचे असले तरी चालेल.

शेगाव, चिखली, मलकापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेली पिढी हिंजवडीला आणि बंगळूरला गेली, 2020 मध्ये लॅपटॉप घेऊन घरी परतली आणि घरच्या ओसरीवरूनही काम होते हे तिने सिद्ध करून दाखवले. मग बुलढाण्याहून होते ते बार्सिलोनाहून का होऊ नये, हा प्रश्न रास्तच आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एस्टोनियाने असा व्हिसा सुरू केला. ऑक्टोबर 2022 मध्ये पोर्तुगालने डी-8 आणला, त्या वर्षाच्या डिसेंबरात स्पेनने कायदा केला आणि 2024 मध्ये जपान, दक्षिण कोरिया, थायलंड या रांगेत आले.

मात्र यादीतला प्रत्येक देश आपल्यासाठी खुला नाही. जपानने ही सोय फक्त अशा देशांच्या नागरिकांना दिली, ज्यांना जपानात फिरायला जाताना व्हिसा लागत नाही आणि ज्यांच्याशी जपानचा कर करार आहे. भारताचा कर करार आहे, पण व्हिसामाफी नाही. त्यामुळे वर्षाला एक कोटी येनची कमाई दाखवली तरी भारतीय पासपोर्टवर तो मिळत नाही. "जपानचं करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला आधी एवढेच विचारावे.

पैशाच्या बाबतीत आपल्याकडचा हिशेब शेतीच्या वळणाने चालतो. वीस एकराचा सातबारा आणि सोयाबीन-कपाशीचे पैसे दाखवले की झाले, असे वाटते. पर्यटन व्हिसाच्या फाइलला सातबारा उपयोगी पडतो, कारण माणूस परत येईल याचा तो एक पुरावा असतो. इथे मात्र उत्पन्न दुरून केलेल्या कामाचेच लागते आणि ते दर महिन्याला खात्यात आलेले दिसावे लागते. स्पेन आपल्या किमान वेतनाच्या दुप्पट मागतो. 2025 च्या दराने ही रक्कम महिना सुमारे 2,763 युरो होते. बायको-मुले सोबत न्यायची तर त्यावर आणखी चढते. पोर्तुगाल किमान वेतनाच्या चौपट मागतो, म्हणजे 2025 मध्ये 3,480 युरो. शंभर रुपयांचा युरो धरला तर पावणेतीन ते साडेतीन लाख रुपये महिना! अर्जाच्या आठवडाभर आधी मामाकडून दहा लाख खात्यात वळते करून घेण्याने यातले काहीच सुटत नाही. थायलंडचा असा व्हिसा, डीटीव्ही, तेवढा शिल्लक पाहतो: पाच लाख बाहत, म्हणजे तेरा-चौदा लाख रुपये. त्याची मुदत पाच वर्षांची असते, पण एका फेरीत 180 दिवसच राहता येते.

"त्यापेक्षा टुरिस्ट व्हिसावर जाऊ, हॉटेलात लॅपटॉप उघडला तर कोण पाहतं?" हॉटेलात कोणी पाहत नाही, हे खरेच. पण युरोपच्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत 90 च दिवस मिळतात, आणि तो व्हिसा ज्या कारणासाठी मागितला त्याच कारणासाठी असतो. पासपोर्टावरचे पुसट शिक्के मोजण्याचे दिवसही संपत आले. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपने टप्प्याटप्प्याने सुरू केलेल्या नव्या यंत्रणेत बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन येण्या-जाण्याची नोंद संगणकात होते.

अर्ज कुठे करायचा, यावरही गोंधळ आहे. बँकॉकला फिरायला गेलेला खामगावचा माणूस तिथल्या स्पॅनिश कॉन्सुलेटमध्ये शिरून अर्ज देऊ शकत नाही. अर्ज आपल्या देशात, नाहीतर जिथे रीतसर वास्तव्याचा परवाना आहे तिथेच द्यायचा. महाराष्ट्रातल्या माणसाला स्पेनसाठी मुंबई. बुलढाणा शहराला रेल्वे नाही, म्हणून मलकापूर नाहीतर शेगाव गाठायचे आणि विदर्भ एक्स्प्रेस धरायची. स्पेनने एक वेगळी वाटही ठेवली आहे. पर्यटक म्हणून कायदेशीर मुदतीत तिथे असलेला माणूस तिथूनच थेट तीन वर्षांपर्यंतच्या वास्तव्य परवान्यासाठी अर्ज करू शकतो. कॉन्सुलेटमधून मिळणारा व्हिसा फार तर एक वर्षाचा असतो. थायलंडचे याउलट: तिथला अर्ज थायलंडच्या बाहेरूनच करावा लागतो. दुबईचा एक वर्षाचा परवाना ऑनलाइनच निघतो, कॉन्सुलेटची पायरी चढावी लागत नाही.

मुंबईतही बहुतेकांची गाठ कॉन्सुलेटशी पडत नाही. स्पेनसाठी बीएलएस, पोर्तुगालसाठी व्हीएफएस या खासगी कंपन्या कागद आणि बोटांचे ठसे घेतात. व्हिसा द्यायचा की नाही, हे त्या काउंटरवरचा माणूस ठरवत नाही. "आपली तिथं ओळख आहे" या वाक्याची किंमत त्यावरून करावी.

आता कागदांकडे, कारण आपल्या भागातले बरेच अर्ज इथेच लंगडतात. नोटरीचा लाल शिक्का परदेशात चालतो, ही समजूत पहिली. स्पेन-पोर्तुगालला लागते ते अपोस्टिल. 1961 च्या हेग कराराखालची ही सोय भारतात 14 जुलै 2005 पासून लागू आहे. अमरावती विद्यापीठाची पदवी आधी राज्य शासनाकडून साक्षांकित होते, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल तिच्या पाठीवर चिकटते. छोटे, क्रमांक असलेले स्टिकर. मंत्रालयाचे शुल्क कागदाला 50 रुपये. बाकीचा खर्च मधल्या संस्थेचा आणि धावपळीचा. आणि इथे आपल्या लाडक्या सवयीची अडचण होते. पदवी हाती आली की पहिल्यांदा ती लॅमिनेट करायची! प्लास्टिकवर ना शिक्का बसतो, ना स्टिकर. ते सोलायला गेले की शाईही सोबत निघते, मग विद्यापीठाकडून दुसरी प्रत काढा.

दुसरी समजूत पोलीस दाखल्याची. पोलीस अधीक्षक कार्यालयाचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र इथल्या नोकरीला चालते, व्हिसाला नाही. त्यासाठी पासपोर्ट सेवेतून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढावे लागते. त्याची फी 500 रुपये. बुलढाणा जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. स्पेनसाठी त्यावरही अपोस्टिल लागते आणि मग शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश अनुवाद. इंग्रजी कागद जगात कुठेही चालतो, हा भ्रम इथे गळून पडतो.

तिसरी गोष्ट नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आधार कार्डावर वडिलांचे नाव कधी आहे, कधी नाही. लग्नानंतर बदललेल्या नावाचा तर आणखी एक थर. आपल्याला हे एकच माणूस असल्याचे कळते. परदेशी अधिकाऱ्यासमोर तीन माणसे उभी राहतात.

पण खरी अडचण या साऱ्याच्या आधी, कंपनीच्या एचआरमध्ये असते. "वर्क फ्रॉम होम आहे, म्हणजे कुठूनही करता येतं," असे धरून चालणे महागात पडते. स्पेनला कंपनीचे पत्र लागते: हा माणूस निदान तीन महिन्यांपासून आमच्याकडे आहे, कंपनी वर्षाहून जुनी आहे आणि स्पेनमधून काम करायला आमची हरकत नाही. भारतीय कंपन्या यावर सही करायला कचरतात, आणि त्यांचे कारण पोकळ नाही. कर्मचारी दुसऱ्या देशात बसून काम करतो म्हणजे कंपनीनेच तिथे धंदा मांडला, असे तिथले करखाते म्हणू शकते. शिवाय ग्राहकाचा डेटा देशाबाहेर न्यायचा नाही, असे करारात असते.

त्यावर पीएफची गाठ आहे. जर्मनी, फ्रान्स, पोर्तुगाल अशा देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे. तिथे कंपनीने पाठवलेल्या माणसाला ईपीएफओ प्रमाणपत्र देते आणि तिथली वर्गणी वाचते. स्पेनशी असा करार नाही. म्हणजे भारतीय कंपनीने स्पेनच्या सामाजिक सुरक्षेत नोंदणी करायची, जे सहसा कोणी करत नाही, नाहीतर माणसाने तिथे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नाव नोंदवून स्वतः वर्गणी भरायची. म्हणून परदेशी ग्राहकांचे काम थेट घेणाऱ्या फ्रीलान्सरचा अर्ज पगारदारापेक्षा कधीकधी सरळ जातो. मात्र त्याने करारपत्रे, बिले आणि परदेशातून पैसे आल्याचे बँकेचे दाखले महिनोन्महिने जपून ठेवलेले हवेत.

विमाही तसाच. विमानाच्या तिकिटासोबत मिळणारा प्रवास विमा स्पेनला पुरत नाही. तिथे काम करायची परवानगी असलेल्या कंपनीचा पूर्ण आरोग्य विमा लागतो.

"बाहेर राहिलो की इन्कम टॅक्स सुटला" या बोलण्यात अर्धेही तथ्य नाही. भारत एप्रिल ते मार्च दिवस मोजतो, स्पेन जानेवारी ते डिसेंबर. स्पेनमध्ये 183 दिवसांहून जास्त राहिलात तर तुम्ही तिथले करदाते. अनिवासी ठरलात तरी भारतातल्या खात्यात थेट जमा होणाऱ्या पगारावर भारताचा हक्क सुटत नाही. दोन्हीकडे पूर्ण कर भरावा लागू नये म्हणून दोन्ही देशांत करार आहे, पण तो लाभ मागावा लागतो. त्यासाठी नेहमीच्या रिटर्न भरणाऱ्यापेक्षा परदेशी उत्पन्नाची कामे केलेला सीए बरा.

आणि एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी? ती 2014 पासून आहे, तिचा अर्ज घरबसल्या करता येतो, तिचे कार्ड छान दिसते. तिने तिथे कंपनी काढता येते, राहता येत नाही.

कागदांच्या क्रमालाही महत्त्व आहे. पदवीवरचे अपोस्टिल शिळे होत नाही, पोलीस सर्टिफिकेट मात्र काही महिन्यांतच जुने धरले जाते. उत्साहाने ते सर्वांत आधी काढून ठेवणारे बरेच असतात. मग कंपनीच्या पत्राची वाट पाहता पाहता त्याची मुदत जाते आणि पुन्हा 500 रुपये, पुन्हा अपोस्टिल, पुन्हा अनुवाद. आधी कंपनीचे पत्र, मग पदवी, आणि पोलीस सर्टिफिकेट मुंबईची तारीख दृष्टीच्या टप्प्यात आल्यावर.