पहिली होडी घेताना पाण्याचा हिशेब

हरिगोल म्हणजे बांबूची गोल टोपलीसारखी होडी. दोन मीटर व्यासाच्या हरिगोलाचा तळ ३.१४ चौरस मीटर भरतो. तो एक सेंटीमीटर बुडाला की ३१ किलो वजन पेलतो. दोन माणसं १३० किलो, जाळं २०, मासळी ३० आणि हरिगोलाचं स्वतःचं ४० किलो धरू. बेरीज २२० किलो, म्हणजे बुड जेमतेम सात सेंटीमीटर. काहिलीसारखा तळ कडेला वळलेला असतो म्हणून दुप्पट धरा, तरी वीतभर पाण्यात भागतं.

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात राहून मासेमारीला हात घालणाऱ्याने आधी हा आकडा समजून घ्यावा. पंधरा-सोळा किलोमीटरवर श्रीरंगपट्टणाला कावेरी खडकांमधून फाटे फोडत वाहते. तिथे बांबूचा हा गोल टोपला टिकून राहिला, त्यात या उथळ बुडाचा वाटा मोठा. मात्र हिशेब उलटाही फिरतो: तळात एक सेंटीमीटर पाणी साचलं की ३१ लिटरचं ओझं वाढलं. उपसायचा डबा जाळ्याइतकाच गरजेचा. शिवाय हरिगोलाला नाळही नाही नि वरांडीही नाही. वल्हं थांबलं की तो स्वतःभोवती फिरू लागतो.

वीसेक किलोमीटरवरच्या कृष्णराजसागर जलाशयाचं गणित वेगळं. पूर्ण पातळी १२४.८० फूट, पाण्याचा पसारा सुमारे १३० चौरस किलोमीटर. एवढ्या मोकळ्या पाण्यात वाऱ्याला लांब पल्ला मिळतो, लाटा उठतात. इथे लांबट फायबरची होडी हवी, आणि नवखा माणूस नेमका इंजिनाच्या हॉर्सपॉवरकडे बघत बसतो. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग मुख्यतः लांबीवर ठरतो: पाण्यालगतच्या लांबीचं फुटांमधलं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. सोळा फुटांना ५.४ नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. पंचवीस फुटांना ६.७ नॉट, ताशी साडेबारा. जाळी आणि माणसं भरलेल्या होडीवर मोठं इंजिन बसवलं तर या मर्यादेपुढे वेग थोडाच वाढतो, पेट्रोल मात्र भसाभस जळतं.

किती? दहा हॉर्सपॉवरचं चार-स्ट्रोक इंजिन पूर्ण जोरात तासाला साधारण साडेतीन ते चार लिटर पितं. शंभर रुपये लिटर आणि मासळीला किलोमागे १२० रुपये धरले, तर एका तासाच्या इंधनापायीच तीनेक किलो मासळी गेली. दिवसात दोन तास इंजिन चाललं तर सहा-सात किलो. जाळ्याची झीज, बर्फ, मजुरी याच्या बाहेर.

अनुदानाचं बोलणं लगेच निघतं. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत आहे. पारंपरिक मच्छीमारांच्या होडी-जाळ्याच्या घटकाची किंमत पाच लाख धरलेली, म्हणजे मदत दोन किंवा तीन लाख. पण हा घटक जुनी होडी बदलून देण्यासाठी आहे. पहिलीच होडी घेणाऱ्याने त्याच्या भरवशावर इसार देऊ नये.

माझं मत सरळ आहे. पहिला हंगाम नदीवर, वापरलेल्या हरिगोलात काढावा. मासेमारीचा परवाना आधी हातात असावा, आणि १९४० पासून अभयारण्य असलेल्या रंगनतिट्टूच्या हद्दीत जाळं टाकू नये. वाचलेल्या पैशातून माणशी एक १०० न्यूटनचं जॅकेट घ्यावं. पाण्यात ते सुमारे दहा किलो वजन उचलून धरतं.