पावसाचे दोन अंदाज

मैत्रिणींनो, ऑक्टोबर २०२० आठवतो ना? बंगालच्या उपसागरात हवेचा दाब कमी झाला. चक्रीवादळाला एकच पायरी कमी, असं ते वारं १३ तारखेला आंध्रात काकीनाड्याजवळ जमिनीवर आलं आणि तेलंगणातून आपल्याकडं सरकलं. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं.

आम्हाला बायका विचारतात, हे एप्रिलमध्येच का सांगत नाहीत? हवामान खातं एप्रिलमध्ये अंदाज देतं, तो जून ते सप्टेंबरचा आणि सगळ्या देशाचा. प्रशांत महासागर तापला, म्हणजे ‘एल निनो’ आला, की आपल्याकडं बहुधा पाऊस कमी. असा तो हिशेब. त्यातून सालाचा अदमास येतो, वादळाची तारीख नाही. वादळं पावसाळ्याच्या आधी आणि ऑक्टोबर ते डिसेंबरात जास्त होतात, हे ठाऊक असतं. पण कोणतं कुठं जाईल, ते थोडे दिवस आधीच कळतं.

म्हणून एप्रिलचा अंदाज बियाण्याच्या हिशेबाला धरा. सोयाबीन कापण्याआधी मात्र जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज बघा. पाऊस सांगितला असेल तर कापणी थांबवा; कापलेलं असेल तर लगेच बनीम लावून ताडपत्रीनं झाका.