थंडीचे ठोकताळे आणि दमेकरी

कावळ्याने घरटे कोणत्या झाडावर बांधले, यावरून आपल्याकडे पावसाचा अंदाज बांधतात. थंडीचाही ठोकताळा आहे : पाऊस जास्त झाला, की थंडी कडक. मग 'यंदा पाऊस बेताचा, थंडी काही पडत नाही' असे म्हणून काही दमेकरी इनहेलर परस्पर बंद करतात. हे धोक्याचे आहे. एवढ्यावरून अख्ख्या हिवाळ्याचे भाकीत होत नाही.

एक खूण मात्र जरूर पाहावी. पहाटे शेकोटीचा धूर वर न जाता जमिनीलगत पसरला, तर समजावे की वारा पडला आहे. खाली गार हवा आणि वर उबदार हवेचे झाकण आहे. त्याखाली धूर, धूळ व वाहनांचे वायू कोंडतात. समुद्रापासून आत असलेल्या कल्याण-बदलापूरकडे पहाटेचा गारठाही मुंबईपेक्षा अधिक.

अशा दिवशी दमेकऱ्यांनी ऊन वर आल्यावरच फिरायला निघावे, नाकातोंडावर रुमाल बांधावा. रोजचा इनहेलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये. वाक्य पुरे करतानाही धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर काढा उकळत न बसता तडक रुग्णालय गाठावे.