दर्याई नारळ : मागणीपत्रकात नोंदविण्यापूर्वी

काष्ठौषधींच्या मागणीपत्रकांत ‘दर्याई नारळ’ किंवा ‘जहरी नारळ’ हे नाव अद्यापि आढळते. चरक, सुश्रुत वा वाग्भट यांच्या संहितांचा आधार या द्रव्यास नाही. युनानी हकिमांच्या व्यवहारातून ते आपल्या औषधालयांत रूढ झाले. विषघ्न मानले गेल्याने त्यास ‘जहरी’ हे विशेषण जडले आणि बालकांच्या पोटशूळावर ते उगाळून देण्याची चाल पडली.

हे जुळ्या आकाराचे फळ मालदीवच्या किनाऱ्यास वाहून येई. म्हणून त्याचा वृक्ष समुद्रतळाशी असावा, अशी समजूत होती. वस्तुतः ताजे, सजीव फळ पाण्यात बुडते. आतून कुजून पोकळ झालेलेच तरंगते. खुलताबादच्या सान्निध्यात राहणाऱ्या आपल्या वाचकांस फकिरांचे कश्कूल परिचित असेल. ते याच कवचीपासून करीत. मूळ स्थान १७६८ साली सेशेल्समधील प्रालीन बेटावर उमगले.

लोडोइसिया मालदिविका हा ताडकुलातील वृक्ष निसर्गतः केवळ प्रालीन व क्यूरिअस या दोन बेटांवरील वनांत उगवतो. नर व मादी वृक्ष स्वतंत्र असतात. फळ पक्व होण्यास सहा-सात वर्षे लागतात. त्यातील बी वनस्पतिसृष्टीत सर्वांत मोठे. हावड्याच्या वनस्पतिउद्यानात १८९४ साली लावलेल्या वृक्षास प्रथम फुले येण्यास सुमारे ९४ वर्षे लागली! हिरड्याची फळे वेचली तरी वृक्ष पुन्हा फळतो, रानात बीही उरते. येथे मात्र औषध म्हणून आपण जो मगज विकतो, तोच वृक्षाचा मोजका वंश होय. आययूसीएनच्या लाल यादीत ही जाती संकटग्रस्त आहे. सेशेल्सने १९७८ मध्ये या फळांच्या व्यवहारासाठी कायदा केला आणि २०१० मध्ये ही जाती सायटिस कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदविली. तरीही तेथे बियांची चोरी होते.

औषधालयचालकांनी पुरवठादाराकडे निर्यात-परवान्याची प्रत मागावी. ती न मिळाल्यास माल परत करावा. खरा मगज पांढरा, शिंगासारखा कठीण व गंधहीन असतो. उगाळताना तेलकटपणा जाणवल्यास ते साधे खोबरे समजावे. आमचे स्पष्ट मत असे, की खरा माल मिळाला तरी त्याची निकड नाही. बालकांच्या शूळासाठी मुरुडशेंग, वावडिंग, सुंठ व हिरडा ही आपली द्रव्ये हाताशी आहेत. अतिविषा आम्ही येथे हेतुतः सुचवीत नाही. हिमालयात तिचीही अवस्था बिकट आहे.