गाठ दिसली, तरी आणखी एक तपासणी कशाला?

मूल सकाळी उठल्यावर डोके दुखते म्हणते, उलट्या करते, चालताना त्याचा तोल जातो. पित्त झाले किंवा नजर लागली असे समजून आपण दिवस घालवतो. ही लक्षणे पुन्हा पुन्हा दिसली, तर मुलाला मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावे. डोक्याच्या मागच्या भागात, लहान मेंदूजवळ गाठ असू शकते.

एमआरआयमध्ये गाठ दिसल्यावर डॉक्टर कधी कधी मेंदूतील शिरांची वेगळी तपासणी सांगतात. तिला एमआर व्हेनोग्राफी म्हणतात. मग आपल्याला वाटते, पुन्हा खर्च कशाला?

त्याचे कारण समजून घेऊ. तान्ह्या मुलांच्या डोक्यात मागे, मधोमध एक मोठी शीर असते. वाढत्या वयात ती बहुधा बारीक होते. काही मुलांत मात्र ती मोठीच राहते आणि मेंदूतील रक्त मुख्यतः तिच्यातूनच खाली उतरते. गाठ काढताना मेंदूवरचे आवरण नेमके तिथेच उघडावे लागते. शीर कापली गेली, तर खूप रक्त जाते. १५ किलोच्या मुलाच्या अंगात रक्त असते जेमतेम १ लिटरच्या आसपास. शीर बांधून टाकली, तर रक्त तुंबून मेंदू सुजू शकतो.

आधी कळले, तर डॉक्टर चीर बाजूने घेऊन शीर वाचवतात आणि रक्ताची सोयही करून ठेवतात.

म्हणून ही तपासणी टाळू नये. खर्चासाठी रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी.