विजेवर तापणारे कपडे आणि थंडींतील मोटारसायकल

दरवर्षीं जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबई-पुण्याकडील मोटारसायकलस्वारांच्या अनेक टोळ्या मनालीहून लेहच्या वाटेला लागतात. अंगावर जाड जाकीट, आंत दोन लोकरी स्वेटर आणि हातांत चामड्याचे मोजे, एवढी तयारी केली म्हणजे थंडीचा बंदोबस्त झाला असा पुष्कळांचा समज असतो. बारालाचा किंवा टांगलांग ला ह्या खिंडींच्या चढावर तो फार वेळ टिकत नाहीं. उंची एक हजार मीटरनें वाढली कीं हवेचें तपमान सरासरीनें साडेसहा अंशांनीं उतरतें. लेह सुमारें ३,५०० मीटरवर आहे, टांगलांग ला सुमारें ५,३०० मीटरवर. म्हणजे लेहमध्यें सकाळीं १२ अंश सेल्सिअस असले तर त्याच वेळीं वर खिंडींत पाणी गोठण्याइतकी थंडी असावयाची. त्यांत वेगाच्या वाऱ्याची भर पडते. शून्य अंशाच्या हवेंत ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला उणें ८ अंशांच्या शांत हवेइतकी थंडी लागते, आणि वेग ८० झाला कीं हाच आंकडा उणें १० होतो.

प्रश्न केवळ सुखाचा असता तर तो ज्याच्या त्याच्या सोशीकपणावर सोडून देतां आला असता. परंतु मोटारसायकलचा पुढचा ब्रेक व क्लच हे दोन्ही बोटांनीं चालतात, आणि बोटें बधिर झालीं म्हणजे ब्रेकची दांडी किती दाबली गेली ह्याची जाणीवच नाहींशी होते. शरीराच्या गाभ्याचें तपमान नेहमींच्या ३७ अंशांवरून ३५ च्या खालीं गेलें तर विचारशक्तिहि मंदावते. आणि ज्याची मंदावते त्याला तें बहुधा कळत नाहीं. एका बाजूला दरी व समोरून मालमोटार अशा वळणावर ह्या दोन्ही गोष्टींची किंमत काय पडेल तें सांगावयास नको.

लोकर काय किंवा कापूस काय, कोणतेंहि वस्त्र स्वतः ऊब निर्माण करीत नाहीं. अंगांतून निघालेली ऊब तें अडवून धरतें इतकेंच. चालणारा माणूस श्रमानें ऊब उत्पन्न करतो. मोटारसायकलस्वार मात्र तासन् तास जवळजवळ निश्चल बसलेला असतो. जमेची बाजू अशी तोकडी आणि खर्च वाऱ्याच्या वेगानें चाललेला. तेव्हां तूट बाहेरून भरून काढावी हा विचार सुचणें स्वाभाविक होतें. तो प्रथम विमानांत मोठ्या प्रमाणावर अमलांत आला. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन बाँबफेकी विमानांच्या उघड्या खिडक्यांशीं तोफा चालविणाऱ्या सैनिकांना विजेनें तापणारे पोशाख देण्यांत आले. त्यांतील पहिल्या नमुन्यांत तारांची जोडणी एकामागून एक अशी होती. एका मोज्यांतील तार तुटली कीं सगळा पोशाख थंड पडे. पुढें जोडणी समांतर केली तेव्हां हा दोष गेला. कपडे निवडणाऱ्यानें आजहि हेंच पाहावें: मोजे काढले तरी जाकीट तापत राहतें कीं नाहीं.

मोटारसायकलस्वारांचे हे कपडे अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकांत प्रचारांत आले. त्यांच्या अस्तरांत अत्यंत बारीक पोलादी तारा किंवा कार्बनच्या धाग्यांचे पट्टे बसविलेले असतात आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर ते तापतात. घरांतील इस्त्री तापते तेंच तत्त्व.

आतां आधीं काय घ्यावें? बोटें गारठतात म्हणून गिऱ्हाईक हातमोजे मागतें आणि दुकानदारहि तेच पुढें करतो. शरीराचा व्यवहार मात्र निराळा आहे. छाती व पोट थंड पडूं लागलें कीं हृदय, यकृत इत्यादि मर्मस्थानें वांचविण्यासाठीं हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. बोटें गारठतात तीं पुष्कळदां छातीला ऊब कमी पडल्यामुळें. कॅनडांतील संशोधकांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत केवळ धडाला विजेची ऊब देऊन कडक थंडींतहि हात उबदार राहतात असें आढळलें. म्हणून पहिला पैसा बंडीवर किंवा जाकिटावर खर्च करावा, आणि गळ्याभोंवतीं तापणारी पट्टी असेल तर उत्तमच. हातमोजे दुसरे. ते घेतांना तापणाऱ्या तारा हाताच्या पाठीवर व बोटांच्या टोकांपर्यंत आहेत ना हें पाहावें, कारण वारा तेथेंच लागतो. हँडलच्या तापणाऱ्या मुठी तळहात भाजल्यासारखे गरम करतात आणि हाताची पाठ तशीच गारठलेली राहते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. विजार आणि पायांचे तळवे ह्यांचा क्रम शेवटचा.

खरी अडचण येते ती विजेच्या हिशेबांत. बाह्यांसकट तापणाऱ्या जाकिटाला साधारण ७५ ते ९० वॅट लागतात. बंडीला ५० च्या आसपास, मोज्यांच्या जोडीला २२ ते ३०, विजारीला सुमारें ४५, तळव्यांना २० ते २५. सगळा सरंजाम अंगावर चढविला तर पावणेदोनशे वॅटची मागणी होते. बी. एम. डब्ल्यू.च्या आर १२०० जी. एस. ह्या जर्मन गाडीचा अल्टरनेटर ७२० वॅटचा होता; तसल्या गाडीच्या स्वारानें हवें तें घालावें. लडाखच्या रस्त्यावर बहुसंख्येनें दिसणाऱ्या एका सिलिंडरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा अल्टरनेटर दोनशे-अडीचशे वॅटच्या घरांत, आणि त्यांतले सव्वाशेपर्यंत गाडीचा दिवा, ठिणगी, पेट्रोलचा पंप हींच खातात. उरलेले शंभरहि इंजिन बऱ्यापैकीं फिरत असतांनाच मिळतात. लष्करी मोटारींचा तांडा जाऊं देण्यासाठीं इंजिन मंद चालू ठेवून कडेला उभें राहावें लागलें कीं उत्पन्न घटतें, कपड्यांचा खर्च मात्र तोच. मग तूट बॅटरी सोसते. खिंडींत बॅटरी उतरलेली गाडी ही गारठलेल्या बोटांहून मोठी आपत्ति होय.

तेव्हां अशा गाडीसाठीं बंडी व हातमोजे, एवढीच जोडी पुरेशी समजावी. ७५-८० वॅटमध्यें काम भागतें. हँडलला दोन्ही बाजूंनीं बांधावयाच्या वारारोधक पिशव्या मिळतात. दिसावयास त्या ओबडधोबड, पण विजेचा एक कणहि न घेतां हातांचें रक्षण करतात. गाडीला एल. ई. डी. दिवा असेल तर तेवढीच बचत. निघण्यापूर्वीं दिवा व कपडे चालू ठेवून, इंजिन प्रवासाच्या गतीनें फिरत असतांना बॅटरीवर व्होल्टमापक लावून पाहावा. कांटा १३ व्होल्टच्या खालीं घसरत राहिला तर कांहीं तरी कमी केलेंच पाहिजे. जोडणी बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज घालून करावी. मोबाइलसाठीं दिलेल्या खोबणींतून कपडे चालविण्याचा मोह पुष्कळांना होतो आणि तेथला लहान फ्यूज जळतो.

स्वतःची लहान बॅटरी असलेले मोजेहि बाजारांत आहेत. ७.४ व्होल्ट व २.२ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरींत १६ वॅट-तास वीज मावते. मोजा ८ वॅट घेत असेल तर दोन तासांत ती संपावयाची. शहरांतल्या शहरांत ठीक. दिवसभराच्या मजलेला निरुपयोगी.

माप घेतांना सैलपणा मुळींच नको. आंत एक पातळ लोकरी गंजी, तिच्यावर अंगाला चिकटून बसणारी तापणारी बंडी, आणि त्यावर जाड व वारा न शिरूं देणारें जाकीट, असा क्रम ठेवावा. स्वेटरवर बंडी चढविणारे स्वार स्वेटर तापवितात, स्वतः कुडकुडतात. बंडी उघड्या अंगावरहि घालूं नये. ४५ अंशांसारखी मामुली वाटणारी उष्णता तासन् तास एकाच जागीं लागली तर कातडी भाजते, आणि बधिर कातडीला किंवा मधुमेहानें संवेदना मंदावलेल्या माणसाला तें उशिरां कळतें. ह्यासाठीं कमीअधिक करतां येणारा रेग्युलेटर असल्याखेरीज हे कपडे घेऊं नयेत. बंडी व मोजे ह्यांना दोन वेगळ्या कळा असल्या तर अधिक बरें, कारण दुपारीं लेहच्या उन्हांत बंडी बंद करावी लागते तरी सावलींतल्या उतारावर मोजे हवेसे वाटतात. गाडीला जोडणारी तार ओढतांच सुटणारी असावी. उतरतांना ती सोडावयाचें विसरणें हें इतकें नित्याचें आहे कीं त्याची तजवीज आधींच केलेली बरी.

शेवटीं, तार तुटण्याचा किंवा फ्यूज जळण्याचा संभव गृहीत धरलाच पाहिजे. म्हणून बाहेरचें जाकीट आणि एक जादा लोकरी स्वेटर असे निवडावेत कीं वीज नसतांना खिंडीवरून खालच्या वस्तीपर्यंत उतरून येतां येईल. दोन जादा फ्यूज खिशांत ठेवावेत. सामानाच्या तळाशीं नव्हे.