सूर्याचे डाग आणि दूरचे आवाज

रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घरांत सूर्यास्ताची वेळ ही केवळ पंचांगातील नोंद नसते. साऱ्या घराची संध्याकाळ तिच्याभोवती फिरते. चौविहाराचा नियम असलेल्या घरातील चूल सूर्य मावळण्यापूर्वीच शांत होते. एके काळी भोजन आणि प्रतिक्रमण आटोपल्यावर अशा घरांतील मंडळी रेडिओभोवती जमत. १९५२ च्या अखेरीपासून बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ ऐकू येई. सिंहलद्वीपातून निघालेला तो आवाज लघुलहरींवरून समुद्र आणि डोंगर ओलांडून येत असे. एखाद्या बुधवारी तो शेजारच्या खोलीतून यावा इतका स्पष्ट असे, तर पुढच्याच बुधवारी खरखरीत बुडून जाई. कोणी एरियलची तार हलवून पाही, कोणी बॅटरीला दोष देई, कोणी ढगाळ हवेला. बहुधा या साऱ्याचा खरा कर्ता मात्र काही वेळापूर्वीच पश्चिमेला मावळलेला असे.

लघुलहरी म्हणजे साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या, १०० ते १० मीटर लांबीच्या रेडिओलहरी. प्रकाशाप्रमाणे त्याही सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्याने त्या क्षितिजापलीकडे पोहोचू नयेत, असेच कोणालाही वाटेल. तरीही १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने इंग्लंडमधील पोल्डू येथून निघालेली खूण सुमारे ३,४०० किलोमीटर दूर न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचे जाहीर केले. वातावरणाच्या वरच्या भागात लहरींना परत फिरवणारा विद्युतभारित थर असावा, असे अनुमान पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड या दोघांनी स्वतंत्रपणे मांडले. १९२४ मध्ये एडवर्ड अॅपलटन यांनी प्रयोगाने तो थर सिद्ध केला. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोलकात्यात शिशिरकुमार मित्र यांनी याच विषयाला आयुष्य वाहिले आणि १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा उच्च वातावरणावरील ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला.

आकाशातील आरसा आणि पडदा

हे आयनांबर सूर्यानेच घडवलेले आहे. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण वरच्या विरळ हवेतील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे करतात. त्यातून वेगवेगळ्या उंचीवर थर तयार होतात. सुमारे ६० ते ९० किलोमीटरवरचा ‘डी’ थर, त्यावरचा ‘ई’ आणि साधारण १५० किलोमीटरच्या पुढे पसरलेला ‘एफ’ थर. यांपैकी ‘एफ’ थर लघुलहरींना वाकवून पुन्हा पृथ्वीकडे पाठवतो. दूरचा आवाज ऐकवणारा आरसा तोच. ‘डी’ थराचा स्वभाव नेमका उलट आहे. तेथील हवा तुलनेने दाट असल्यामुळे लहरींनी हलवलेले इलेक्ट्रॉन सतत रेणूंवर आदळतात आणि लहरींची शक्ती उष्णतेत विरून जाते. म्हणजे हा थर शोषून घेणारा पडदा होय. वारंवारता जितकी कमी, तितके हे शोषण अधिक.

सूर्य मावळला की ‘डी’ थरातील सुटे इलेक्ट्रॉन पाहता पाहता पुन्हा जोडले जातात आणि पडदा दूर होतो. वर ‘एफ’ थरात हवा इतकी विरळ असते की तेथील इलेक्ट्रॉनांना जोडीदार लवकर भेटत नाही. म्हणून रात्रीही आरसा बऱ्याच अंशी टिकून राहतो. दिवसा न लागणारी दूरची केंद्रे सूर्यास्तानंतर स्पष्ट ऐकू येतात, ती यामुळेच. जुन्या श्रोत्यांना हा नियम अनुभवाने ठाऊक होता. दिवसा १६ किंवा १९ मीटरवर शोधावे, रात्री ४१ किंवा ४९ मीटरवर.

अकरा वर्षांची भरती-ओहोटी

सूर्य स्वतःही सदैव सारखा नसतो. त्याच्यावरील काळ्या डागांची संख्या सरासरी अकरा वर्षांच्या चक्रात वाढते आणि घटते. ही आवर्ती वाढघट जर्मन निरीक्षक श्वाबे यांनी १८४४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. डाग अधिक, तेव्हा अतिनील किरण अधिक, ‘एफ’ थर अधिक घन आणि त्याची परावर्तनशक्तीही अधिक. अशा वर्षांत एरवी अवकाशात निसटून जाणाऱ्या उच्च वारंवारतेच्या लहरीही परततात आणि अल्प शक्तीच्या प्रक्षेपकाचा आवाज खंड ओलांडतो. १९५७-५८ चा सौरबहर हा नोंदींतील सर्वांत प्रबळ होता. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षही त्याच सुमारास, जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ या काळात योजण्यात आले.

परंतु हाच बहर संकटही आणतो. डागांच्या परिसरात साठलेली चुंबकीय ऊर्जा एकाएकी मुक्त झाली की सौरज्वाळा उसळते. तिचे क्ष-किरण आठ मिनिटे वीस सेकंदांत पृथ्वीवर येतात आणि दिवस असलेल्या अर्ध्या गोलार्धावर ‘डी’ थर कमालीचा दाट करतात. पडदा असा दाट झाला की लघुलहरींवरची केंद्रे क्षणार्धात मुकी होतात. ज्वाळा दुर्बिणीला दिसते त्याच क्षणी किरणही येऊन पोहोचलेले असतात, त्यामुळे सावध होण्यास अवधीच मिळत नाही.

६ सप्टेंबर २०१७ रोजी याची कठोर प्रचीती आली. त्या पहाटे ‘इर्मा’ हे महाचक्रीवादळ कॅरिबियन समुद्रातील बार्बुडा बेटावर आदळले होते. अशा वेळी तारा आणि मनोरे कोसळतात, तेव्हा लघुलहरींवर संदेश पोहोचवणारे हौशी रेडिओचालक हाच मोठा आधार असतो. नेमक्या त्याच सकाळी, तेथे आठ वाजण्याच्या सुमारास, सूर्यावर एक्स ९.३ प्रतीची ज्वाळा उसळली. त्या सौरचक्रातील ती सर्वांत मोठी होती. वादळग्रस्त बेटांसाठी चाललेले संदेशवहन काही तास विस्कळीत झाले. १० सप्टेंबरला वादळ फ्लोरिडात पोहोचले असताना दुसरी प्रचंड ज्वाळा उसळली आणि पुन्हा तेच घडले. २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्ये हौशी रेडिओचालकांनी केलेली सेवा ज्यांना स्मरते, त्यांना या काही तासांचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

ज्वाळेबरोबर कधी सूर्यद्रव्याचा प्रचंड लोटही बाहेर पडतो. तो साधारण एक ते तीन दिवसांनी पोहोचतो आणि पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात वादळ उठवतो. मग ‘एफ’ थर विस्कटतो आणि रात्रीचे प्रक्षेपणही क्षीण होते. येथे मात्र पूर्वसूचनेला वाव असतो.

अहमदाबाद ते आदित्य

या अभ्यासाची भारतातील पायाभरणी अहमदाबादच्या एका जैन कुटुंबात १९१९ मध्ये जन्मलेल्या विक्रम साराभाई यांच्याशी निगडित आहे. त्यांनी केंब्रिजमध्ये विश्वकिरणांवर प्रबंध लिहिला आणि १९४७ मध्ये अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते आणि त्याच्यावर सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर आयनांबरात विद्युतप्रवाहाचा एक पट्टा वाहतो. केरळमधील थुंबा हे मच्छीमारांचे गाव अग्निबाणांसाठी निवडले गेले ते याच कारणाने. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले ‘आदित्य-एल१’ हे यान आता पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून सूर्याकडे अखंड पाहत आहे. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ने, तर सौरवाताचे कण मोजणारे उपकरण साराभाईंच्या प्रयोगशाळेने घडवले आहे.

डागांनी भरलेला सूर्य रेडिओला साधक की बाधक, या प्रश्नाला एकान्तिक उत्तर नाही. ‘एफ’ थराच्या अपेक्षेने तो साधक आहे, ‘डी’ थराच्या अपेक्षेने बाधक. दिवसाच्या अपेक्षेने एक, रात्रीच्या अपेक्षेने दुसरा. वस्तूचे धर्म अनेक असतात आणि प्रत्येक विधान कोणत्या तरी अपेक्षेनेच खरे ठरते, हा अनेकान्ताचा पाठ येथे भौतिकशास्त्राच्या भाषेत भेटतो. माळ्यावर ठेवलेला जुना संच अजून चालू असेल, तर एखाद्या संध्याकाळी भोजन आटोपल्यावर तो जरूर लावून पाहावा. सूर्यास्तापूर्वी ४१ मीटरच्या पट्ट्यावर काटा ठेवावा आणि अंधार पडेपर्यंत तेथून हलवू नये. खरखरीतून हळूहळू एखादा परका आवाज वर येऊ लागेल, तेव्हा आकाशातील पडदा सरला, असे समजावे.